‘लोनचं आमच्यावर सोडा’ : एका शोरूमच्या फायनान्स डेस्कचा अनुभव

सुरुवातीलाच सांगते, की या लिखाणात गाडीच्या मायलेजविषयी, डिकीच्या जागेविषयी किंवा एसीच्या गारव्याविषयी काहीही सापडणार नाही, कारण ती गाडी आमच्या दारात आलीच नाही. मी लिहिते आहे ते नाशिकमधील एका मोठ्या शोरूमच्या फायनान्स डेस्कविषयी, म्हणजे आत शिरल्यावर उजव्या हाताला जी काचेची खोली असते आणि जिथे आपल्या पगाराच्या स्लिपा गोळा होतात, त्या खोलीतल्या सेवेविषयी. शोरूमचे, गाडीच्या कंपनीचे आणि बँकेचे नाव मी लिहिणार नाही. आमचे पैसे अखेर परत मिळाले आहेत. शिवाय ओळखीपाळखीत विचारपूस केल्यावर असे दिसले, की बाहेरची पाटी बदलली तरी काचेच्या खोलीतले बोलणे फारसे बदलत नाही. मी एका सहकारी संस्थेत गेली एकोणीस वर्षे हिशेब सांभाळते. कागद जपून ठेवायची मला सवय आहे, आणि या प्रकरणात जे काही निभावले ते त्या सवयीमुळे.

३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने लहान गाड्यांवरील कर १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला आणि शोरूममधून जत्रा भरू लागली. नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमके घटस्थापनेच्या दिवसापासून लागू होणार होते. मधले दोन आठवडे पितृपक्षाचे होते. तेव्हा बुकिंग पितृपक्षाआधी आणि डिलिव्हरी दसऱ्याला, असा हिशेब आमच्यासारख्या पुष्कळ घरांनी केला असावा. ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या सकाळी, मिरवणुकीसाठी रस्ते बंद होण्याआधी आम्ही दोघे शोरूममध्ये पोहोचलो. नव्या दराने गाडीची ऑन-रोड किंमत ९ लाख १० हजारांच्या घरात जात होती. त्यातले ७ लाख कर्जाचे आणि २ लाख १० हजार आमचे मार्जिन, असे ठरले. मार्जिनपैकी २१ हजार रुपये बुकिंगपोटी त्याच दिवशी भरले.

गाडी दाखवणाऱ्या मुलीविषयी माझी काहीही तक्रार नाही. तिने बेस मॉडेलवर काय मिळत नाही हेसुद्धा न विचारता सांगितले. तिने आम्हाला काचेच्या खोलीत नेऊन बसवले आणि तिथल्या गृहस्थांनी दोन मिनिटे संगणकावर काहीतरी पाहून सांगितले, “मॅडम, सरांची प्रोफाइल एकदम क्लीन आहे. आठ-नव्वदने करून देतो. लोनचं आमच्यावर सोडा, तुम्ही फक्त मुहूर्त सांगा.” आठ-नव्वद म्हणजे ८.९० टक्के व्याज. सात वर्षांच्या मुदतीला हप्ता सव्वाअकरा हजारांच्या आसपास बसत होता, आणि तो आम्हाला झेपणारा होता.

मग बुकिंग फॉर्म भरला गेला. पैसे कसे देणार या रकान्यात ‘कॅश’ आणि ‘फायनान्स’ अशा दोन चौकटी होत्या. त्यांनी निळ्या बॉलपेनने फायनान्सच्या चौकटीत बरोबरची खूण केली, तिच्यापुढे बँकेचे नाव लिहिले आणि त्याखाली सात लाखांचा आकडा टाकला. माझ्या पतींनी सही केली. फॉर्मची ग्राहकप्रत मी तिथेच मागून घेतली. ती देताना ते जरा चकित झाल्यासारखे वाटले. घरी आल्यावर मी ती उलटून पाहिली. मागच्या बाजूला फिकट करड्या शाईत, इंग्रजीत, सतरा अटी छापलेल्या होत्या. नववी अट अशी होती, की कोणत्याही कारणाने बुकिंग रद्द झाल्यास रक्कम परत मिळणार नाही. अकराव्या अटीत म्हटले होते, की कर्जाचा व्यवहार ग्राहक आणि कर्ज देणारी संस्था यांच्यातला असून शोरूमचा त्याच्याशी संबंध नाही. ज्या टेबलावर ‘लोनचं आमच्यावर सोडा’ हे वाक्य उच्चारले गेले होते, त्याच टेबलावर अकरावी अट पालथी पडलेली होती. हे तेव्हाच हटकायला हवे होते. मी हटकले नाही, कारण सर्व काही सुरळीत होणार असे आम्ही धरून चाललो होतो.

१७ सप्टेंबरला पतींच्या व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट आला. त्यात बँकेच्या चिन्हाखाली ‘एलिजिबल’ असा शब्द आणि सात लाखांचा आकडा होता. सोबत संदेश होता, “सर, लोन झाले. मार्जिन भरून टाका, म्हणजे डीओ काढता येईल.” डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, कर्जाची रक्कम आपण देणार आहोत असे बँक शोरूमला ज्या पत्राने कळवते, ते पत्र. ते निघण्यासाठी ग्राहकाने आपला वाटा भरल्याची पावती बँकेला दाखवावी लागते, हे खरे आहे. परंतु त्याआधी कर्ज मंजूर झालेले असावे लागते, आणि मंजुरीपत्र आमच्या हाती आलेले नव्हते. ‘एलिजिबल’ म्हणजे अर्ज करण्यास पात्र. या एका शब्दावर विसंबून आम्ही २३ सप्टेंबरला उरलेले १ लाख ८९ हजार रुपये एनईएफटीने भरले. दुसऱ्यांच्या व्हाउचरवर सही नसेल तर मी पाच रुपये सोडत नाही, आणि स्वतःच्या घरचे पावणेदोन लाखांच्या वरचे पैसे एका स्क्रीनशॉटवर दिले, हे इथे कबूल केलेले बरे.

सोमवारी, २९ सप्टेंबरला, म्हणजे दसऱ्याच्या तीन दिवस आधी फोन आला. “मॅडम, बँकेने फाइल डिक्लाइन केली. पण टेन्शन घेऊ नका, दुसऱ्या कंपनीतून करून देतो.” दुसरी कंपनी म्हणजे एक बिगर-बँक वित्तसंस्था, आणि तिचा दर १२.७५ टक्के. मी फोन कानाला लावूनच कॅल्क्युलेटर ओढला. हप्ता दरमहा सुमारे १,४०० रुपयांनी वाढत होता, आणि ८४ हप्त्यांचा विचार केला तर १ लाख १८ हजारांचा जास्तीचा बोजा पडत होता. जीएसटी कमी झाल्यामुळे किमतीत जे वाचले होते, ते व्याजात जाऊन वर आणखी घरचे द्यावे लागणार होते. हे नको असेल तर काय, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “मग कॅन्सल करावे लागेल, आणि बुकिंग अमाउंट रिफंडेबल नाही मॅडम, मागे लिहिलेले आहे.”

त्या संध्याकाळी आम्ही शोरूममध्ये गेलो. पुढचा अर्धा तास मी जन्मभर विसरणार नाही. मी त्या वित्तसंस्थेचे की फॅक्ट स्टेटमेंट मागितले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी हे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात व्याज, प्रक्रिया शुल्क, कर्जासोबत गळ्यात मारला जाणारा विमा वगैरे सर्व खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते लिहावे लागते, आणि त्यात न दाखवलेले शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे कधीही लावता येत नाही. मला सर्वात मोलाची वाटली ती दुसरीच तरतूद : हे विवरणपत्र दिल्यावर ग्राहकाला विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळाले पाहिजेत, आणि तेवढ्या काळात त्याच अटींवर कर्ज घेण्याचा त्याचा अधिकार कायम राहतो. आम्हाला सांगण्यात आले, की ते पत्र सही करतानाच निघते आणि दसऱ्याला गाडी हवी असेल तर आत्ता सही करा. घाईचे कारण त्यांनी निर्माण केलेले नव्हते, मुहूर्त आमचाच होता. पण ते कारण हाती लागल्यावर त्यांनी ते पुरेपूर वापरले.

मी सही करत नाही असे पाहिल्यावर त्यांनी आवाज खाली आणून दुसरा मार्ग सुचवला. आम्ही सात लाखांचा पुढच्या तारखेचा धनादेश द्यावा, तात्पुरत्या नोंदणीवर गाडी दसऱ्याला घरी न्यावी, पूजा करावी, आणि कर्जाचे ‘मागाहून बसवून टाकू’. माझे पती क्षणभर विचारात पडले. घरी मुलाने मित्रांना सांगून ठेवले होते, सासूबाईंनी गाडीसाठी लिंबू-मिरची आणि हार सांगून ठेवला होता. मी मात्र धनादेशाला साफ नकार दिला. आमच्या खात्यात तेव्हा चाळीस हजारही नव्हते. कर्ज न बसता तो धनादेश भरला गेला असता, तर तो परत येणार हे ठरलेले होते, आणि देणे फेडण्यासाठी दिलेला धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे धनादेशांविषयीच्या कायद्याच्या, कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. कर्ज नामंजूर होणे ही तोवर एक गैरसोय होती. त्या धनादेशाने तिचे फौजदारी प्रकरण झाले असते. गाडी एकदा अंगणात आली, तिला हार घातला गेला, की १२.७५ टक्केच काय, १५ टक्क्यांनाही माणूस सही करतो, हे त्या खोलीतल्या माणसांना पक्के ठाऊक असते.

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, की तिकडे या प्रकाराला ‘यो-यो’ असे नावच पडलेले आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेची अंतिम मान्यता येण्याआधीच डीलर गाडी हातात देतो, काही दिवसांनी फोन करून कर्ज फिसकटल्याचे सांगतो, आणि चढ्या दराच्या नव्या कागदावर सही करा नाहीतर गाडी परत आणा, असा पेच टाकतो. दोरीला बांधलेल्या खेळण्यासारखी गाडी जाते आणि येते. आपल्याकडे मोटार वाहन नियम ४२ प्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय डीलरला गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही, आणि कर्जाची गाडी असेल तर आरसी बुकावर बँकेच्या बोज्याची नोंद होते. त्यामुळे हा खेळ इथे तितका रुळलेला नाही. तात्पुरती नोंदणी आणि पुढच्या तारखेचा धनादेश हे दोन्ही एकत्र आले, की मात्र तो सहज खेळता येतो.

दसऱ्याला झेंडूची माळ जुन्या स्कूटरलाच घातली. मुलगा दिवसभर बोलला नाही.

आता बँकेविषयी. कर्ज मिळणे हा कोणाचाच हक्क नाही आणि नकार देण्याचा बँकेला पूर्ण अधिकार आहे, हे मी हिशेबातली बाई असल्यामुळे जाणते. पण नकार का दिला, हे लेखी कळणे हा अर्जदाराचा हक्क आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी घालून दिलेल्या न्याय्य व्यवहार संहितेत, कर्ज कितीही रकमेचे असो, अर्ज फेटाळण्याची मुख्य कारणे लेखी कळवावीत असे म्हटलेले आहे. शोरूममधून हे कारण तीनदा विचारूनही ‘पॉलिसी इश्यू’ या पलीकडे काही मिळाले नाही. मी थेट बँकेच्या शाखेला पत्र दिले आणि आठवड्याभरात दोन ओळींचे उत्तर आले. माझ्या पतींनी २०१९ मध्ये एका सहकाऱ्याला नागरी सहकारी बँकेच्या कर्जासाठी जामीन दिला होता. त्या कर्जाचे काही हप्ते थकलेले होते आणि जामीनदार म्हणून ते खाते यांच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, दिसत होते. म्हणजे ‘एकदम क्लीन’ असे जे आम्हाला सांगितले गेले, ते एक तर रिपोर्ट न पाहता सांगितले होते, किंवा पाहूनही दडवले होते.

तो रिपोर्ट आम्ही मग स्वतः काढला. देशातील चारही क्रेडिट माहिती कंपन्या प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट मोफत देतात, त्यासाठी कोणाला पैसे देण्याची गरज नाही. जामिनाची नोंद अपेक्षित होतीच, पण शेवटच्या पानावर निराळेच काही दिसले. १५ ते १९ सप्टेंबर या पाच दिवसांत चार वेगवेगळ्या संस्थांनी यांचा रिपोर्ट मागवला होता. आम्ही एका बँकेचे नाव लिहून दिले होते, आणि फायनान्स डेस्कने फाइल चार ठिकाणी ‘लॉगिन’ केली, म्हणजे अर्जासाठी दाखल केली होती. थोड्या दिवसांत एकामागून एक चौकश्या झाल्या, की हा माणूस कर्जासाठी दारोदार फिरतो आहे असा अर्थ निघतो आणि क्रेडिट स्कोअर, म्हणजे पतीचा गुणांक, घसरतो. कागद चाळल्यावर सापडले, की कर्जाच्या अर्जासोबत आमच्याकडून जे संमतिपत्र घेतले गेले होते, त्यात ‘कोणत्याही भागीदार संस्थेला’ असे शब्द होते. रिपोर्ट पाहिला गेल्याची सूचना ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने देणे २०२४ पासून बंधनकारक आहे, आणि असे चार एसएमएस यांच्या फोनमध्ये निमूटपणे पडून होते. ओटीपी आणि जाहिरातींच्या गर्दीत कोणी उघडलेच नव्हते. शोरूमला प्रत्येक मंजूर कर्जामागे संबंधित संस्थेकडून मोबदला मिळतो. या धंद्यात त्याला ‘पेआउट’ म्हणतात. फाइल चार दारी का फिरली याचे उत्तर त्या शब्दात असावे, असा माझा तर्क आहे.

पैशांच्या मागणीकडे वळते. ३० सप्टेंबरच्या ईमेलमध्ये मी २ लाख १० हजारांची संपूर्ण रक्कम परत मागितली आणि फॉर्मच्या पहिल्या पानाचे छायाचित्र जोडले. ती निळी बरोबरची खूण हा माझा मुख्य पुरावा होता. खूण असे सांगत होती, की हा व्यवहार कर्जावर अवलंबून आहे आणि हे शोरूमला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. एखादी अनिश्चित गोष्ट घडली तरच पार पडायचा असा करार, ती गोष्ट घडणे अशक्य झाल्यावर निरर्थक ठरतो, असे भारतीय करार अधिनियमाचे कलम ३२ सांगते. आणि असा करार निरर्थक ठरल्यावर त्याखाली घेतलेला लाभ परत करावा लागतो, असे कलम ६५ सांगते. शोरूमचे म्हणणे अर्थातच असे होते, की गाडी विकण्याचा करार वेगळा, कर्जाचा वेगळा, आणि माघार आम्ही घेतली. वादासाठी तेही मान्य केले, तरी सगळीच्या सगळी रक्कम गिळता येत नाही. कलम ७४ खाली अनामत जप्त करायची तर करार मोडल्यामुळे काहीतरी नुकसान झालेले असावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात स्पष्ट केले आहे. आमची गाडी दुसऱ्याच्या नावावर लागायला चोवीस तासही लागले नाहीत. सणाच्या तोंडावर मागे रांग उभी होती. मग नुकसान कसले झाले, ते सांगा, एवढेच मी विचारले होते.

ग्राहक संरक्षण कायद्याविषयी एक गैरसमज मला शोरूममध्येच ऐकायला मिळाला, तो असा, की गाडी घेतलीच नाही तर तुम्ही ग्राहक कसले. २०१९ च्या कायद्यात किंमत पूर्ण दिलेली असो, अंशतः दिलेली असो किंवा देण्याचे कबूल केलेले असो, तो माणूस ग्राहकच आहे. त्याच कायद्याने सेवेतील उणिवेच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हेही घातलेले आहे, आणि माझ्या मते आमच्या प्रकरणाचा गाभा तिथे होता. १७ तारखेला मंजुरी आलेली नसताना ‘लोन झाले’ असे कळवून मार्जिन भरायला लावले, हे माहिती दडवणे नव्हे तर काय? नवव्या अटीसारख्या एकतर्फी अटींना या कायद्यात अनुचित करार म्हणून आव्हान देता येते. फक्त ती तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. त्यामुळे दोन-पाच हजारांसाठी तो मार्ग कोणी धरत नाही, आणि अटी पुढच्या छपाईत तशाच राहतात. उलट सेवेतील उणिवेची तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील करण्याची सक्ती नाही.

आमच्यावर तिथवर जाण्याची वेळ आली नाही. दहा दिवस ईमेलला उत्तर न आल्यामुळे ११ ऑक्टोबरला मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. मराठीत बोलता येते का, असे विचारायची वेळच आली नाही, कारण सुरुवातीलाच भाषा निवडता आली. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले, तारखा पुन्हा विचारल्या आणि तक्रार क्रमांक दिला. ही हेल्पलाइन कोणाला आदेश देऊ शकत नाही. ती तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि पाठपुरावा करते, एवढाच तिचा अधिकार. पण तक्रार शोरूमपुरती न राहता गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्य कार्यालयात पोहोचली, आणि आजवर फोन न उचलणारे महाव्यवस्थापक १३ तारखेला स्वतःहून बोलले. त्याच दुपारी १ लाख ८९ हजार रुपये खात्यात आले. दिवाळी आटोपल्यावर, २४ ऑक्टोबरला, बुकिंगपैकी १५,१०० रुपये आले.

उरलेल्या ५,९०० रुपयांचा खुलासा मागितल्यावर सांगितले गेले, की पाच हजार रुपये ‘फाइल कॅन्सलेशन चार्ज’ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. इथे मला पहिल्यांदा आपण आपल्या घरच्या मैदानावर आल्यासारखे वाटले. मी एका ओळीचा ईमेल केला : आपण जीएसटी आकारला आहे, तेव्हा कृपया त्याचे टॅक्स इन्व्हॉइस पाठवावे, त्यावर सेवेचा सॅक कोड आणि आपला जीएसटी क्रमांक असावा. चार दिवसांनी आठवण केली. त्यानंतर आणखी एकदा. असे इन्व्हॉइस बनलेलेच नव्हते, कारण असा कोणता आकार त्यांच्या दरपत्रकात नव्हताच. रक्कम कापताना तिच्यावर कराचा मुलामा दिला, म्हणजे ती अधिकृत दिसते, इतकाच त्यामागचा विचार असावा. कर वसूल केला पण दाखवला नाही, असे लेखी निघणे कोणत्याच शोरूमला परवडत नाही.

गुणच द्यायचे तर गाडी दाखवणाऱ्या मुलीला पाचपैकी साडेचार. २९ तारखेच्या त्या संध्याकाळी आम्ही निघताना तिने गेटपर्यंत येऊन “ताई, धनादेश देऊ नका” असे हळूच सांगितले होते. चहाला चार, पार्किंगला तीन. फायनान्स डेस्कला एक, तोही पाचांत शून्य देण्याची सोय नसते म्हणून. त्या शोरूममधून गाडी घेऊच नये असे मी म्हणणार नाही. रोखीने किंवा आपल्या बँकेतून मंजुरीपत्र हातात घेऊन जाणाऱ्याला तिथे बहुधा उत्तम वागणूक मिळेल. ज्यांना शोरूममार्फतच कर्ज करायचे आहे, त्यांनी बुकिंगचे पैसे देण्याआधी फॉर्मच्या पुढच्या बाजूवर, खूण केलेल्या त्या चौकटीच्या शेजारी, “ठरलेल्या दराने कर्ज मंजूर न झाल्यास संपूर्ण रक्कम परत” अशी एक ओळ हाताने लिहून घ्यावी आणि तिच्याखाली शोरूमचा शिक्का आणि सही मागावी. लिहून देत नाहीत असे झाले, तर तेवढ्यावरून पुढचा अंदाज येतो. आणि आपला क्रेडिट रिपोर्ट दुसऱ्याने पाहण्याआधी आपण पाहावा. आमच्याकडे जामिनाची गोष्ट आधी कळली असती, तर हा सगळा खटाटोप झालाच नसता, ही आमच्या बाजूची चूक आहे.

११ नोव्हेंबरला ५,९०० रुपये जमा झाले. बँकेच्या पासबुकात त्या नोंदीपुढे ‘गुडविल’ असा शेरा उमटला आहे. मी घरच्या वहीत ती रक्कम ‘येणे वसूल’ या सदरात धरली.